वृकोदराचा वाटा : मराठी साहित्यातील पुरुषदेह, खुराक आणि उपास

बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) महाभारताची अठराही पर्वे आर्यावृत्तात उतरवली. या प्रचंड उद्योगाची चिकित्सा मराठी समीक्षेने यमकसिद्धी, श्लेष, संस्कृतप्रचुर पदरचना आणि भक्तिभाव या अंगांनी केली. पंतांना कवी म्हणावे की पंडित, हा वाद तर पिढ्यान्‌पिढ्या चालला. परंतु कऱ्हेकाठी पुराण सांगणाऱ्या या पंडिताने, आणि पुढे त्याच्या आर्या घेऊन गावोगाव हिंडलेल्या कीर्तनकारांनी, मराठी श्रोत्यांपुढे पुरुषदेहाची कोणती चित्रे ठेवली हा प्रश्न सहसा विचारला गेला नाही. विचारला असता तर पहिले उत्तर भीम हेच आले असते. आणि भीम म्हटला की गदेच्याही आधी पोट आठवते. वृकोदर हे त्याचे नावच आहे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारण आहे. देहप्रतिमा, म्हणजे स्वतःच्या शरीराचे मनात वागवलेले चित्र, ही संकल्पना पाश्चात्त्य समीक्षेत प्रथम स्त्रीदेहाच्या संदर्भात रुजली. सुझन बोर्डो यांच्या 'अनबेअरेबल वेट' (१९९३) या ग्रंथाने स्त्रीच्या उपाशी राहण्याचा अर्थ संस्कृतीच्या पातळीवर लावून दाखवला. पुरुषाकडे लक्ष वळले ते नंतर. हॅरिसन पोप, कॅथरीन फिलिप्स आणि रोबर्टो ऑलिव्हार्डिया यांच्या 'द ॲडोनिस कॉम्प्लेक्स' (२०००) या पुस्तकात आपले स्नायू कितीही वाढले तरी ते अपुरेच वाटणारा पुरुष उभा राहिला. या सर्व विवेचनाच्या केंद्रस्थानी आरसा आहे. माणूस एकटा आहे, समोर काच आहे आणि काचेत त्याला जे दिसते ते त्याला मान्य नाही. ही मांडणी मराठी संहितांना जशीच्या तशी लावू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. मराठी पुरुषाची देहप्रतिमा आरशात नव्हे, पंक्तीत घडते. आपल्या वाट्याला किती आले, कोणी वाढले, आणि ते अंगी लागले की नाही हे कोणी पाहिले, या तीन गोष्टींवर ती उभी असते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच, स्त्रीवादी समीक्षेने स्त्रीदेह वाचला, दलित साहित्याच्या समीक्षेने उपाशी देह वाचला, तरी बऱ्यापैकी खाऊनपिऊन असणाऱ्या पुरुषाचा देह मराठीत जणू देहच नाही अशा रीतीने वाचनाबाहेर राहिला.

भीमाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. एकचक्रा नगरीत पांडव भिक्षेवर जगत असताना कुंती आलेल्या अन्नाचे दोन भाग करते. एक अर्धा एकट्या भीमाचा. उरलेल्या अर्ध्यात ती स्वतः आणि चौघे भाऊ. या वाटणीबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. ज्याच्या देहावर कुटुंबाचे रक्षण अवलंबून आहे त्या देहात कुटुंबाने केलेली ती गुंतवणूक आहे, आणि तिची परतफेड लगेच होते. बकासुराकडे गाडाभर अन्न घेऊन गेलेला भीम ते अन्न बकाच्या देखत स्वतःच खात बसतो. बक पाठीत प्रहार करीत असताना त्याचे खाणे थांबत नाही. या प्रसंगाला हमखास हशा मिळतो, आणि मिखाईल बाख्तिन यांनी राबले यांच्यावरील ग्रंथात (१९६५) ज्या अवाढव्य, उघड्या तोंडाच्या देहाचे वर्णन केले त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. पण साम्य वरवरचे आहे. राबलेच्या जत्रेतला देह हिशेब मोडतो. भीमाचा देह हिशेब चुकता करतो. नगरीने बकाला द्यावयाचे अन्न भीम खातो आणि त्याबरोबर नगरीचे देणेही फिटते. भीमाच्या खाण्याला असा हेतू आहे म्हणूनच ते क्षम्य आहे.

हेतू सुटला की तेच खाणे लांच्छन होते. द्रोणपर्वात कर्ण भीमाला जिंकतो, कुंतीला दिलेल्या वचनामुळे जिवंत सोडतो, आणि सोडताना धनुष्याच्या टोकाने डिवचून जे हिणवतो ते सारे पोटाविषयी आहे: जेथे खाण्यापिण्याची चंगळ आहे तेथे जा, स्वयंपाकघर हीच तुझी जागा. त्याच्या मिशीदाढीच्या अभावाकडेही बोट दाखवले जाते. पुरुषाला त्याच्या शरीरावरून लाजवण्याचा हा प्रसंग आहे आणि त्यात रूपाचा उल्लेख जवळजवळ नाही. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेला भीम खरोखरच स्वयंपाकी होता आणि मल्लही. कर्णाने टोमण्यासाठी नेमकी तीच जागा निवडली. शेवटी महाप्रस्थानात भीम कोसळतो तेव्हा युधिष्ठिर कारण सांगतो ते हेच. तू प्रमाणाबाहेर खाल्लेस, आणि दुसऱ्याची पर्वा न करता आपल्या बळाची बढाई मारलीस. आयुष्यभर अर्धा वाटा ज्याला घरानेच दिला त्याला त्या वाट्याचा जाब अखेरीस घरातलाच वडीलधारा विचारतो. या वाक्यातील क्रूरता नाकारता येणार नाही.

याच कथेत एक लोखंडी भीम आहे. दुर्योधनाने गदेच्या सरावासाठी भीमाचा पुतळा करवला होता. युद्ध संपल्यावर पुत्रशोकाने पेटलेल्या धृतराष्ट्राच्या मिठीत कृष्ण भीमाऐवजी तो पुतळा देतो आणि आंधळा राजा तो चुरडतो. पोप आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांच्या खेळण्यातील सैनिक-बाहुल्यांचे दंड व छाती दशकागणिक कसे फुगत गेले हे मोजून दाखवले होते. आदर्श देहाची प्रतिकृती आधी तयार होते आणि मग खऱ्या देहाला तिच्याशी स्पर्धा करावी लागते, असा त्यांचा मुद्दा. व्यासांच्या कथेत उलटे घडते. प्रतिकृती शत्रूने घडवली आहे आणि ती मोडते म्हणून खरा देह वाचतो. प्रतिमेविषयीची ही वेगळी समज मराठी श्रोत्याला कीर्तनातून परिचित होती, एवढे येथे नोंदवून पुढे जाणे बरे. मोरोपंतांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. भीमाचे खाणे वर्णिणारा हा पुराणिक स्वतः सावकाराच्या अन्नावर पोसलेला होता. वाटा आणि त्याची परतफेड हे सूत्र त्याला केवळ पोथीतून ठाऊक नव्हते.

पुराणकथेतील या सूत्राचे लौकिक रूप म्हणजे तालीम. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, पश्चिम महाराष्ट्रातील इतर भागाप्रमाणेच, गावची तालीम आणि जत्रेतले कुस्त्यांचे मैदान ही पुरुषदेहाच्या दर्शनाची मान्य स्थाने होती. तेथील भाषा तपासली की वरील विधानाला पुष्टी मिळते. पैलवानाच्या आहाराला 'खुराक' म्हणतात. खुराक हा लावावा लागतो, म्हणजे तो दुसऱ्या कोणीतरी लावलेला असतो. घरातले दूध, तूप, बदाम एका मुलाच्या वाट्याला जातात आणि बाकीची भावंडे ताकावर राहतात. मैदानात जोड लावतात ती नजरेने. पंच दोन उघडे देह शेजारी उभे करतो आणि भोवतालचे गाव त्यावर मत देते. 'खाल्लेले अंगी लागले', 'अंग धरले', 'खात्यापित्या घरचा दिसतो' ही सर्व वाक्ये दुसऱ्याने उच्चारावयाची आहेत. स्वतःविषयी ती बोलली की हास्यास्पद होतात. जोसेफ ऑल्टर यांनी 'द रेसलर्स बॉडी' (१९९२) मध्ये बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करताना मल्लाचा आहार आणि त्याचे ब्रह्मचर्य ही एकाच शिस्तीची दोन अंगे असल्याचे दाखवले आहे. रोलां बार्थ यांनी फ्रेंच कुस्तीत (१९५७) पाहिला तो चिन्हांचा खेळ. ऑल्टर यांचे निरीक्षण नीरेच्या खोऱ्यालाही लागू पडेल. बार्थ यांचे लागू पडणार नाही, कारण येथे कुस्ती ठरवून हरणे हा फडातला सर्वांत मोठा कलंक मानला जातो.

तालमीला आधुनिक मराठी साहित्यात खरे स्थान मिळाले ते व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५). धनगरांच्या उजाड वस्तीवर आलेला तरुण मास्तर गावाकडून श्रमदानाने तालीम बांधवून घेतो आणि तिच्या उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात. या राजाला वास्तवाचा आधार आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आयुष्याचे एक कार्यच मानले होते. त्यामागे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली एक धारणा होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावणाऱ्या टिळकांची आख्यायिका ज्या आवडीने सांगितली जाते तीतही हीच धारणा आहे. देह कमवायचा तो देशासाठी. स्वतःला बरे दिसावे म्हणून कमावणे हे हलके.

परंतु 'बनगरवाडी'चे मोठेपण असे की ती या धारणेचा पुरस्कार करीत नाही आणि उपहासही करीत नाही. तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ येतो. माणसे आणि मेंढरे वाडी सोडून जातात. दंड काढायला जागा तयार आहे आणि दंड काढण्यापुरते पोटात काही नाही. कादंबरीच्या समीक्षेत या इमारतीकडे ग्रामसुधारणेचे प्रतीक, फार तर मास्तरच्या ध्येयवादाचे स्मारक म्हणून पाहिले गेले. ती खुराकाविना तालीम आहे, हा साधा अर्थ मागे पडला. मिळणाऱ्या अन्नाच्या तुलनेत कितीतरी मोठा असा देहाचा आदर्श बाहेरून आणला गेला आणि वस्तीने तो आनंदाने स्वीकारला. त्या स्वीकारातला आनंद खोटा नव्हता, म्हणूनच शेवट इतका मुका आहे. माडगूळकर येथे भाष्य करीत नाहीत. करते तर कादंबरी दुबळी झाली असती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, केवळ तीन वर्षांनी, पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' (१९५८) आणि त्यातील 'उपास' हे प्रकरण येते. वजन कमी करू पाहणाऱ्या पुरुषाविषयीची मराठीतील ही सर्वांत परिचित संहिता आहे, आणि ती इतकी परिचित आहे की तिच्याविषयी गंभीरपणे काही लिहिण्याचा संकोच समीक्षेला वाटत आला. तिचे शीर्षकच बोलके आहे. मराठीत न खाण्यासाठी शब्द कमी नाहीत. लंघन रोग्याचे, पथ्य वैद्याने सांगितलेले, उपास देवासाठी, उपासमार दुष्काळाची. या प्रत्येक शब्दात न खाण्याचे कारण माणसाच्या बाहेर आहे. केवळ आपले शरीर आपल्याला नकोसे वाटते म्हणून कमी खाण्याला मराठीत शब्दच नव्हता. तो पुढे 'डाएट' या रूपाने उसना घ्यावा लागला, आणि तोही 'करावा' लागतो किंवा त्याच्या'वर' असावे लागते. पुलंनी देवाचा शब्द घेऊन त्यात वजनाचा काटा बसवला. विनोदाचे मूळ या विसंगतीत आहे.

आणखी एक गोष्ट. या प्रकरणातील नायकाला आपले वजन आरशापुढे एकट्याने सोसता येत नाही. त्याने निश्चय करताच तो चाळीचा विषय होतो. प्रत्येक शेजारी त्याच्या ताटातला एकेक पदार्थ वर्ज्य करीत जातो आणि प्रत्येकाच्या सल्ल्यामागे ज्याचा त्याचा स्वभाव, ज्याची त्याची जात-पोटजात, ज्याचे त्याचे घरचे स्वयंपाकघर असते. पंक्तीतून उठू पाहणाऱ्याला पंक्तीच उठू देत नाही, असा हा सारा प्रकार आहे. पुरुषाचे वजन ही तक्रार म्हणून कोणीच ऐकून घेत नाही. गंमत म्हणून सर्वजण ऐकतात. चिं. वि. जोशी यांच्या किरकोळ चिमणरावापासून आणि आडदांड गुंड्याभाऊपासून ही परंपरा सलग आहे. मध्यमवर्गीय पुरुषाच्या देहाला मराठीत बोलण्याची परवानगी होती ती विनोदात. विनोदाने ही अस्वस्थता सुसह्य केली हे खरे. तिचे नाव घेण्याची गरजही त्यानेच संपवली.

दुसरी परवानगी भुकेची होती, आणि ती फार उशिरा मिळाली. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'चा (१९५९) पिळदार नायक दुष्काळात धान्य लुटतो, पण तेथे देह अजून भीमाच्या वळणाचा, वाट्यासाठी लढणारा आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) पोट हेच कथनाचे केंद्र होते. मान्यांचा फलटणचा परिसर बारामतीला लागून आहे. इंदापूरला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातून किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) आले. त्यात घरातील स्त्रीचा देह हीच कमाई असल्याने पुरुषाच्या देहाला कोणतेच मोल नाही, आणि मुलग्याचे उपाशी असणे तर हिशेबातच धरलेले नाही. भौगोलिक जवळीक येथे केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. नीरा डावा कालवा (१८८५) ज्या गावांतून गेला त्या गावांची आणि ज्यांच्या अंगणाबाहेरून तो गेला त्या गावांची शरीरे शंभर वर्षे वेगवेगळी घडत आली. १९७२च्या दुष्काळात बांधावर खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्लेली पिढी त्याच तालुक्यांत आहे जेथे उसाच्या पैशावर खुराक लागत होता. पैलवानकी ही पाण्याखालच्या शेतीची कला होती. हे ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत फारसे म्हटले गेले नाही. ग्रामीण आणि दलित अशा दोन कप्प्यांत संहिता विभागल्या गेल्या आणि एकाच ताटाचे दोन भाग दोन वेगळ्या चर्चासत्रांत गेले.

आनंद यादव यांची 'नटरंग' (१९७८) या कप्प्यांत बसत नाही. तमाशाचा नाद असलेला, पैलवानी अंगाचा शेतमजूर गुणा फड उभा करू पाहतो. त्याला राजा व्हायचे असते आणि फड चालावा म्हणून नाच्या व्हावे लागते. या कादंबरीची चर्चा कलावंताची शोकांतिका म्हणून झाली आणि ते योग्यच आहे. तथापि शोकांतिकेचे द्रव्य देह आहे. गुणाने जे शरीर कमावले ते गावाने पाहिलेले, गावाने मान्य केलेले आहे. ते त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही. म्हणून ते बदलण्याचा अधिकारही त्याला नाही असे गावाला वाटते. त्याची चाल, त्याचे हात, त्याचा आवाज सैल होत जातात तसतसा गावाचा राग वाढतो. हा राग नैतिक म्हणून व्यक्त होतो. खरे पाहता तो सावकाराचा राग आहे. गहाण ठेवलेली वस्तू ऋणकोने परस्पर मोडली, असा.

रवी जाधव यांनी या कादंबरीवर काढलेला चित्रपट २०१० साली आला. अतुल कुलकर्णी यांनी गुणाच्या भूमिकेसाठी आधी शरीर भरदार केले आणि मग नाच्यासाठी ते उतरवले, ही गोष्ट चित्रपटाइतकीच प्रसिद्ध झाली. अभिनेत्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न ग्रहणाचा आहे. कादंबरीत जे देहांतर समाजाने लादलेले आणि अपमानकारक होते, ते चित्रपटाभोवतीच्या बोलण्यात आहारतज्ज्ञ, व्यायाम आणि संयम यांची यशोगाथा झाले. गुणाच्या पोटात जे अन्न नव्हते त्याचा अर्थ एक, आणि नटाने जे अन्न टाळले त्याचा अर्थ दुसरा. पडद्यावर मात्र देह एकच दिसतो. १९७८ आणि २०१० यांच्या दरम्यान महाराष्ट्रात पुरुषदेहाचा अर्थ कसा सरकला हे समजून घेण्यासाठी या दोन संहितांच्या मधली ही फट पुरेशी आहे.

फटीच्या अलीकडे काय आहे? तालमीत वजनकाटा आला. लाल मातीतली जोड नजरेने लागत असे. मॅटवरची कुस्ती वजनगटाने लागते. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोच्या गटात. २०२४ साली पॅरिसमध्ये याच वजनाच्या गटात अमन सेहरावत यांनी कांस्यपदक मिळवले, आणि त्या लढतीआधीच्या रात्री त्यांनी साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवल्याचे वृत्त कुस्तीपेक्षा अधिक चघळले गेले. खुराक लावणारा आणि वजन तोडणारा पैलवान आता एकच आहे. बारामती-इंदापूरच्या वाचकाला काट्याची ही भाषा नवी नाही. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यावर उसाचे वाहन भरलेले आणि रिकामे असे दोनदा काट्यावर चढते आणि दोन आकड्यांमधल्या फरकावर घराचे वर्ष ठरते. काटामारीचा संशय हा या प्रदेशातील राजकीय बोलीचा कायमचा भाग आहे. आपले मोल दुसऱ्याच्या काट्यावर ठरते हा अनुभव ज्या शेतकऱ्याने उसाच्या बाबतीत घेतला, त्याचा मुलगा जिममध्ये स्वतः काट्यावर उभा राहतो. काटा त्याच्याच पायाखाली असला तरी मोल ठरवणारा कोण, हे त्याला दिसत नाही. उसाच्या बाबतीत निदान समोर कारखाना होता.

या मुलाची संहिता मराठीत अजून नाही. पुलंच्या नायकाप्रमाणे त्याच्यावर हसता येत नाही, कारण तो पंक्तीतून खरोखरच उठला आहे. लग्नातला आग्रह, जत्रेतले मटण, आईची भाकरी यांना तो नकार देतो आणि हा नकार घरात अपमान म्हणून घेतला जातो. भुकेच्या आत्मकथनांच्या भाषेतही त्याला बोलता येत नाही, कारण न खाणे त्याने निवडले आहे. ग्रामीण कथेची परंपरा याला शहरी खूळ म्हणून निकालात काढील आणि नागर कथा त्याला विषय मानणार नाही. वास्तविक या नकारात कादंबरीची बीजे आहेत. अर्धा वाटा घेणाऱ्या भीमावर घराचे ऋण चढते. वाटा नाकारणाऱ्यावर कोणते चढते, हे विचारायला कोणीतरी हवे.

संहिता नाही म्हणजे लेखन नाही असे मात्र नव्हे. ते वेगळ्या ठिकाणी चालू आहे आणि समीक्षेने तेथे जाण्यास कमीपणा मानू नये. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार (निधन २००४) यांच्या व्याख्यानातील कल्पनेचा आधार घेऊन, दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती गेल्या दशकात मराठीतून मांडली. तिची पुस्तके, व्याख्याने आणि त्यांच्याभोवती जमलेले अनुभवकथन यांचा पसारा मोठा आहे. आहारशास्त्र म्हणून तिचे मूल्यमापन हा वैद्यकाचा विषय; वाङ्मयप्रकार म्हणून तिच्याकडे पाहिले तर परंपरेची अनेक वळणे ओळखीची वाटतात. सांगणारा बहुधा मध्यमवयीन आणि अनेकदा पुरुष असतो. तो आपल्या कमरेचा घेर आधी आणि नंतर किती होता ते सांगतो, रक्तातल्या साखरेचे आकडे देतो, आणि हे सारे समुदायापुढे, साक्षीदारांसमक्ष सांगतो. प्रचीती सांगण्याची ही रीत भजनीमंडळाची आहे. म्हणजे आरसा येथेही नाही. पंगत मोडली तरी तिच्या जागी दुसरी मंडळी बसली आहेत, जेवायला नव्हे तर न जेवल्याचे ऐकायला. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते तेव्हा एकादशीचा उपास आणि दुसऱ्या दिवशीची पंगत ही दोन्ही सामूहिकच असतात. त्या उपासात मात्र वजन कोणी सांगत नाही.

साखरेचा उल्लेख या अनुभवकथनांत शत्रू म्हणून येतो. तो शत्रू ज्या प्रदेशात पिकतो तेथे बसून ही पुस्तके वाचणाऱ्याला ते वाक्य दोनदा वाचावे लागत असेल. पण त्याहून अधिक थबकायला लावणारी गोष्ट या पद्धतीच्या पहिल्याच सूचनेत आहे. वाचकाने आपल्याला दिवसात कडक भूक नेमकी कोणत्या दोन वेळी लागते ते आधी शोधून काढावे, असे तीत सांगितलेले आहे. 'अक्करमाशी'च्या निवेदकाला ही सूचना कळली नसती. एकचक्रेतल्या भीमाला कळली असती, पण त्याने कुंतीकडे पाहिले असते.